घरांच्या किमतींचा निर्देशांक: कोल्हापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे 'पेपरात आलंय, घरं इतकी टक्के महागली, मग आमच्या फ्लॅटचे किती झाले?' असं विचारणारे फोन आणि निरोप वर्षभर येत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. घरांच्या किमतींचा निर्देशांक म्हणजे नेमकं काय? तो १६५ आहे म्हणजे काय समजायचं?

एक वर्ष पायाभूत धरायचं, त्या वर्षीच्या किमतींना १०० म्हणायचं आणि पुढे त्याच प्रकारच्या घरांच्या किमती त्या मानाने किती वरखाली झाल्या ते मांडायचं, हा निर्देशांक. १६५ म्हणजे पायाभूत वर्षापासून ६५ टक्के वाढ. त्यात रुपये नसतात. घर कितीला मिळेल हे त्यातून कळत नाही, किंमत कुठल्या दिशेने आणि किती सरकली एवढंच कळतं.

दोन चुका हमखास होतात. निर्देशांक १५० वरून १६५ वर गेला की लोक '१५ टक्के वाढ' म्हणतात. ते १५ अंक झाले, टक्के १०. दुसरी चूक म्हणजे दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवणं. एका शहराचा १८० आणि दुसऱ्याचा १५० असेल तर पहिलं शहर महाग आहे असं अजिबात नाही. दोघांचा १०० वेगवेगळ्या रुपयांवर बसलेला आहे.

२. कोल्हापूरचा आत्ताचा निर्देशांक किती आहे?

कोल्हापूरचा अधिकृत निर्देशांकच नाही. राष्ट्रीय आवास बँकेच्या पन्नास शहरांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, नवी मुंबई, पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल आणि अगदी चाकणसुद्धा आहे, पण कोल्हापूर नाही. सांगली, सोलापूरही नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या यादीतही आपण नाही.

म्हणून 'कोल्हापुरात घरांच्या किमती अमुक टक्के वाढल्या' असं कुणी ठामपणे सांगितलं की आधी विचारायचं: कुठल्या घरांच्या, कुठल्या तिमाहीत, कुणी मोजल्या? बहुतेक वेळा उत्तर जाहिरातीतल्या मागणीच्या भावाशी येऊन थांबतं. मागणीचा भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, आणि ती सहसा खाली येत नाही.

३. मग भारतात हे निर्देशांक कोण काढतं आणि माहिती कुठून आणतं?

मुख्य दोन. राष्ट्रीय आवास बँकेचा 'रेसिडेक्स' २००७ साली सुरू झाला. आता त्याचं पायाभूत वर्ष २०१७-१८ आहे आणि तो दर तिमाहीला येतो. त्यात दोन वेगळे आकडे असतात. एक बँका आणि गृहवित्त संस्थांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावरून, दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या बाजारभावावरून. बातमीत यातला कोणता घेतलाय ते बघावं, दोन्ही एकाच दिशेने जातीलच असं नाही.

दुसरा रिझर्व्ह बँकेचा. तो राज्यांच्या नोंदणी खात्याकडच्या दस्तांवरून काढतात. बरीच वर्षं त्यात दहा शहरं होती आणि पायाभूत वर्ष २०१०-११ होतं. नंतर पायाभूत वर्ष २०२२-२३ झालं आणि शहरं अठरा झाली, त्यात पुणे, ठाणे, नागपूर आले.

एकाच शहराचे या दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत म्हणून एकजण खोटा ठरत नाही. एक मूल्यांकन मोजतो, दुसरा दस्तात नोंदवलेला मोबदला, म्हणजे किंमत.

४. एवढं कशाला? सगळे व्यवहार घ्या, सरासरी काढा, झालं!

इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा एका तिमाहीत दहा फ्लॅट विकले गेले. आठ फुलेवाडीकडचे, प्रत्येकी ४० लाखांचे, आणि दोन ताराबाई पार्कातले, प्रत्येकी ९० लाखांचे. सरासरी ५० लाख. पुढच्या तिमाहीत ताराबाई पार्कात एक नवी इमारत तयार झाली आणि पाच-पाच विकले गेले. भाव मात्र तेच, ४० आणि ९०. आता सरासरी ६५ लाख. 'तीन महिन्यांत घरं ३० टक्क्यांनी महागली' असा मथळा तयार, आणि प्रत्यक्षात एकाही घराची किंमत रुपयाने वाढलेली नाही.

काहीजण म्हणतात, सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे सगळे व्यवहार ओळीने लावून मधला आकडा. एखाद्या अवाढव्य बंगल्याच्या व्यवहाराने आकडा फुगणं त्याने टळतं हे खरं. पण वरच्याच उदाहरणात मध्यक ४० वरून ६५ वर जातो, म्हणजे ६२ टक्क्यांहून जास्त उडी. विकल्या गेलेल्या घरांची सरमिसळ बदलली की नुसता मध्यकही वाचवत नाही.

कोल्हापुरासारख्या शहरात हा धोका मोठ्या शहरापेक्षा जास्त, कारण व्यवहार मोजके. एकाच बिल्डरच्या एका इमारतीचे दस्त एकाच महिन्यात नोंदले गेले तरी शहराची सरासरी हलते.

५. मग सरमिसळीचा हा घोळ तज्ज्ञ कसा काढतात?

सर्वात रुळलेली वाट म्हणजे कप्पे पाडणं. घरं भागाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे वेगळी करायची. रेसिडेक्समध्ये चटई क्षेत्राचे (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे) तीन गट आहेत: ६० चौरस मीटरपर्यंत, ६० ते ११० आणि ११० च्या वर. प्रत्येक कप्प्याचा भाव वेगळा काढायचा आणि पायाभूत वर्षात त्या कप्प्याचा जो वाटा होता त्याच वजनाने सगळे एकत्र करायचे. वाणसामानाची यादी तीच ठेवून दर महिन्याला बिल किती येतं ते बघावं, तसंच हे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेअर यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. आपल्याकडचे दोन्ही निर्देशांक तिच्यावरच उभे आहेत. प्रश्न ४ मधलं उदाहरण या रीतीने केलं तर उत्तर १०० चं १००, म्हणजे बदल शून्य.

दुसरी रीत गुणधर्मांची किंमत वेगळी काढण्याची. खोल्या किती, मजला कुठला, लिफ्ट आहे का, पार्किंग आहे का, इमारत किती जुनी, या प्रत्येकाचा किमतीतला हिस्सा गणिताने काढायचा आणि उरलेला बदल काळाचा मानायचा. ब्रिटनचा सरकारी निर्देशांक असाच काढतात. त्यासाठी प्रत्येक घराची इतकी बारीक माहिती एकसारखी नोंदलेली लागते. आपल्या दस्तांत ती नसते.

तिसरी रीत मला स्वतःला सर्वात आवडते: तेच घर दोनदा विकलं गेलं असेल तर दोन्ही किमतींची तुलना. कल्पना १९६३ पासूनची, पण कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांमुळे ती अमेरिकेत गाजली. याच रीतीने ॲमस्टरडॅममधल्या एका कालव्याकाठच्या घरांचा १६२८ पासूनचा निर्देशांक काढलेला आहे! पण एकदाच विकलेली घरं यात येतच नाहीत, आणि मधल्या काळात कुणी वरचा मजला चढवला तर ती वाढही बाजाराच्या नावावर जमा होते. फ्लॅट घेतला की नातवंडांपर्यंत ठेवायचा, ही आपली सवय असताना इथे या रीतीला पुरेशा जोड्या मिळणं अवघडच.

६. रेडी रेकनर दरवर्षी येतो. तोच कोल्हापूरचा निर्देशांक धरला तर?

नाही धरता येत. रेडी रेकनर म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता. तो मुद्रांक शुल्क किती घ्यायचं यासाठी असतो. झालेले व्यवहार पाहूनच तो बनवतात हे बरोबर, पण शेवटचा आकडा किती ठेवायचा हा शासनाचा निर्णय असतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये दर बदललेच नाहीत. त्या दोन वर्षांत राजारामपुरीत भाव एक पैसाही हलले नव्हते, असं तिथल्या रहिवाशाला सांगून बघा! २०२५-२६ मध्ये मुंबई वगळता राज्याची सरासरी वाढ ४.३९ टक्के होती. ती त्या एका वर्षाची बाजारवाढ नव्हे.

आणखी एक गोष्ट. रेकनरचा दर दस्तातल्या किमतीलाच खेचतो (प्रश्न ९ पाहा). त्यामुळे दस्तांवरून रेकनर आणि रेकनरवरून दस्त, असं हे चक्र फिरत राहतं.

७. सीए म्हणाले निर्देशांक ३७६ आहे. तो घरांचाच ना?

नाही. तो आयकराचा खर्च-महागाई निर्देशांक, २००१-०२ ला १०० धरून २०२५-२६ साठी ३७६. घरांच्या किमतींशी त्याचा संबंध नाही. मागल्या वर्षीच्या शहरी ग्राहक किंमत निर्देशांकात जी सरासरी वाढ झाली, तिच्या ७५ टक्क्यांवर तो ठरतो. तो जमीन असो की घर, सगळ्याला एकच आणि कोल्हापूर, मुंबई सगळीकडे एकच.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत विकणाऱ्या निवासी व्यक्तीला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला हा निर्देशांक लावून २० टक्के की न लावता १२.५ टक्के, यातला कमी कर भरण्याची मुभा आहे. ते गणित सीएंकडूनच करून घ्या.

८. महागाईच्या आकड्यात घरांच्या किमती धरलेल्या असतातच की?

घरभाडं धरलेलं असतं, घराची किंमत नाही. २०१२ पायाभूत असलेल्या ग्राहक किंमत मालिकेत 'निवास' गटाचं वजन शहरी भागात २१.६७ टक्के आणि एकत्रित १०.०७ टक्के होतं, ग्रामीण भागात शून्य. घर विकत घेणं हा खर्च नसून गुंतवणूक, असं त्यामागचं गणित आहे. म्हणून महागाई ५ टक्के आणि घरं १० टक्के, किंवा बरोबर उलट, दोन्ही शक्य आहे. दहा वर्षांत घर १०० चं १५० झालं आणि बाकी बाजार १०० चा १६५ झाला, तर 'दीडपट झाले' म्हणत पेढे वाटणारा प्रत्यक्षात मागेच पडलेला असतो.

९. अर्धे पैसे रोखीत जातात. मग दस्तांवरच्या निर्देशांकाला अर्थ काय?

वाटतो त्यापेक्षा जास्त अर्थ आहे. निर्देशांक बदल मोजतो. दस्तात दरवर्षी खऱ्या किमतीच्या साधारण ७० टक्केच दाखवत असतील आणि ते प्रमाण तसंच टिकत असेल, तर आकड्याची पातळी खोटी पण वाढीचा टक्का बरोबर येतो.

गडबड होते ती हे प्रमाण बदललं की. गृहकर्ज घेणारे वाढले की दस्तातली किंमत खऱ्याकडे सरकते, कारण बँक दस्त बघून कर्ज देते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीसारख्या धक्क्यानेही हे प्रमाण हलू शकतं. बाजार जागच्या जागी असतो, पण दाखवलेला वाटा ७० चा ८४ झाला तरी दस्तांवरचा निर्देशांक २० टक्के वाढ दाखवतो. रेकनरचं तेच. दस्त रेकनरच्या दरालाच टेकवून करण्याची रीत जिथे आहे तिथे रेकनर वाढला की दस्त वाढतात, भाव वाढोत न वाढोत.

१०. बँकेच्या मूल्यांकनावरचा निर्देशांक मग जास्त खरा का?

रोखीचा दोष त्यात कमी, पण दुसरे येतात, आणि ते माझ्याच व्यवसायाचे आहेत. मूल्यांकन करणारा आजूबाजूचे मागचे व्यवहार बघूनच आकडा लिहितो. त्यामुळे चढ असो की उतार, मूल्यांकन बाजाराच्या थोडं मागे चालतं आणि टोकं बोथट होतात. सौद्याची किंमत आधीच कानावर आलेली असली की आकडा तिच्या आसपास घुटमळतो, हेही आहेच.

शिवाय कर्ज न घेता घेतलेली घरं यात नाहीतच. उसाच्या बिलातून, जमीन विकून किंवा परदेशातल्या मुलाच्या पैशातून घर घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

११. आमचं घर पूररेषेत आहे. शहराचा निर्देशांक वाढला तर आमचंही वाढलं असं धरायचं का?

अजिबात नाही. हे उत्तर नागाळा पार्कचा सखल भाग, शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर इथल्या सगळ्यांसाठी.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनंतर इथे घर बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पाणी कुठवर आलं होतं?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते, हे आकडे घर घेणाऱ्यालाही पाठ असतात. एकाच रस्त्यावर पाणी आलेली आणि न आलेली इमारत असते, आणि दोन्हींच्या भावातला फरक कुठल्याही शहरव्यापी आकड्यात दिसत नाही.

त्याहून अवघड गोष्ट अशी की निर्देशांक फक्त विकल्या गेलेल्या घरांचा असतो. पुरानंतर वर्ष-दीड वर्ष त्या भागात गिऱ्हाईकच फिरकलं नाही, मालकानेही 'आत्ता पडत्या भावाला नको' म्हणून थांबायचं ठरवलं, तर व्यवहारच होत नाहीत. व्यवहार नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे पडलेली किंमत कुठेच दिसत नाही. उरलेले व्यवहार उंचावरच्या भागांतले, म्हणजे पूर येऊनही साधी सरासरी चढलेली दिसू शकते. कप्पे पाडल्याने हा दोष थोडा कमी होतो, जात नाही, कारण कप्पा रिकामाच असेल तर त्यात भरायचं काय? सहसा मागचा आकडा पुढे ओढतात किंवा शेजारच्या कप्प्याची चाल त्याला लावतात. दोन्हींत पूर दिसत नाही.

१२. सर्किट बेंच आल्यापासून भाव वाढले म्हणतात. किती?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील-पक्षकार येणार म्हटल्यावर बोलाचाली वाढणार, हे ओघाने आलं. पण टक्केवारी सांगणं वेगळं. त्यासाठी बेंचच्या आधीचे आणि नंतरचे, एकाच कप्प्यातले पुरेसे दस्त हवेत. भाड्याच्या ऑफिसांचे दर चढले म्हणून कळंब्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट चढला, असं होत नाही. आणि बेंच येणार या आशेवर आधीच वाढलेला भाव असेल, तर ती वाढ त्या तारखेच्या आधी सापडेल, नंतर नाही.

१३. गुंठ्याचे भाव दुप्पट झाले. मग घरांचा निर्देशांक एवढा कमी कसा?

कारण निर्देशांक घरांचा आहे, मोकळ्या प्लॉटचा नाही. घरात जमीन आणि बांधकाम दोन्ही असतात. जमीन चढते, बांधकाम दरवर्षी झिजतं. बंगल्यात जमिनीचा वाटा मोठा, दहा मजली इमारतीतल्या फ्लॅटमध्ये लहान. उजळाईवाडी किंवा पाचगावच्या गुंठ्याचा (१०८९ चौरस फूट) भाव घेऊन फ्लॅटची किंमत काढू नका.

१४. दर चौरस फुटाचा भाव एकदम २५ टक्के वाढलेला दिसला. हे खरं असेल?

आधी क्षेत्रफळ कुठलं ते बघा. समजा ६० लाखांचा फ्लॅट. बिल्टअप (भिंती धरून) १००० फूट धरलं तर दर ६००० रुपये. त्याच फ्लॅटचं चटई क्षेत्र ८०० फूट धरलं तर दर ७५०० रुपये. झाले २५ टक्के! जुन्या दस्तांत बिल्टअप आणि रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या काळातल्या दस्तांत चटई क्षेत्र लिहिलेलं सापडतं. दोन्ही मिसळली की कागदावर तेजी येते.

१५. २०२०च्या शेवटी मंदी होती, तरी नोंदणी ऑफिसात रांगा होत्या. निर्देशांकात ते कसं दिसतं?

मुद्रांक शुल्कात डिसेंबर २०२० अखेर तीन टक्क्यांची आणि नंतर मार्च २०२१ अखेर दोन टक्क्यांची सवलत होती. लोकांनी पुढचे व्यवहार अलीकडे ओढले. म्हणजे व्यवहारांची संख्या वाढली, पण निर्देशांक संख्या मोजत नाही. सवलतीचा काही भाग विकणाऱ्याने किमतीत लपवून घेतला असेल तर तेवढी वाढ मात्र दिसेल. तारखेचाही घोळ असतो. सौदा ठरतो एका तिमाहीत, दस्त होतो पुढच्या. आणि रेरानुसार दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी करार नोंदवावा लागत असल्याने चालू बांधकामातला आजचा दस्त दोन-तीन वर्षांनी मिळणाऱ्या घराची किंमत सांगतो.

१६. भावाने भावाला कमी किमतीत घर दिलं. असले व्यवहार आकडा पाडत नाहीत का?

बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र यांचा दस्तप्रकारच वेगळा असल्याने ते सहज बाजूला काढता येतात. खरेदीखत करून घरातल्या घरात केलेला व्यवहार ओळखणं अवघड. म्हणून फार वरचे आणि फार खालचे आकडे छाटतात किंवा मध्यक घेतात. मध्यकाचा खरा उपयोग इथे आहे, प्रश्न ४ मधल्या घोळात नाही.

१७. मग माझ्या भागाचा अंदाज मीच काढू शकतो का?

काढू शकता, आणि परगावच्या निर्देशांकापेक्षा तो उपयोगी पडेल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' आहे. तिथे वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक देऊन सूची क्रमांक २ म्हणजे 'इंडेक्स टू' बघता येतो. त्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्ताच्या तारखा असतात. 'बाजारभाव' या रकान्यातला आकडा रेकनरप्रमाणे काढलेला असतो, घ्यायचा तो मोबदला.

एकच भाग, एकाच वयाच्या इमारती, एकच आकारगट घ्या. क्षेत्रफळ एकाच मापात आणा. तिमाही नको, वर्षाचे व्यवहार एकत्र करून मध्यक काढा. डझनभर दस्तही मिळत नसतील तर टक्केवारी काढूच नका, नुसते दर ओळीने लिहून बघा. एकाच इमारतीतले दोन वेगवेगळ्या वर्षांचे दस्त सापडले तर सोन्याहून पिवळं.

१८. हद्दवाढ झाली तर पाचगाव, उचगाव 'कोल्हापुरात' येतील. मग शहराची सरासरी खाली येईल?

साधी सरासरी बदलेल, कारण स्वस्त भागातले व्यवहार तिच्यात मिसळतील. निर्देशांक नीट काढलेला असेल तर बदलू नये. नवे कप्पे जोडताना ज्या तिमाहीत जोडले तिथे जुनी आणि नवी मालिका एकाच आकड्यावर सांधतात आणि पुढची चाल तिथून मोजतात. पायाभूत वर्ष बदलतानाही हेच करतात. पण हद्दीत आल्यामुळे पाणी, ड्रेनेज, घरफाळा, बांधकाम परवानगी यांत फरक पडून त्या गावांतल्या घरांचे भाव खरोखर हलले, तर तो बदल खराच धरायचा. तो त्या-त्या गावाच्या कप्प्यात दिसेल, आणि शहराच्या आकड्यात त्या कप्प्याच्या वजनाइतकाच.